झाकणाआतल्या खुणा

पेडणे,
ता. २१ एप्रिल १९८७

ती. सौ. सुमंगलाताईस,
शिवदासचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला याचं खापर यावेळी दुकानावर फोडत नाही, बाबांच्या घड्याळावर फोडतो. त्यांचं ते स्विस मनगटी घड्याळ ते गेल्यापासून कपाटात तसंच पडून होतं. पाडव्याला आईनं काढून माझ्या हाताला बांधलं. तेव्हापासून मी जिथे तिथे उशिरा पोचतो आहे.

सकाळी सातला रेडिओच्या ठोक्यावर लावतो, चावी देतो. दुसऱ्या दिवशी बघावं तर बारा मिनिटं मागे. कधी अकरा नाहीत की तेरा नाहीत. झोपताना पालथं ठेवून पाहिलं, उताणं ठेवून पाहिलं. आत ओल गेली असेल म्हणून आईनं ते दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं, तर चावीच्या खाचेत तांदळाची कणी अडकली आणि ती काढायला अर्धा तास गेला. परवा म्हापशाची बस माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. बाबा दुकानाची फळी काढायचे तेव्हा पेडण्याचा बाजार आपली घड्याळं लावायचा. आता समोरचा हॉटेलवाला रोज सकाळी मला ओरडून वेळ सांगतो आणि वर हसतो.

आई म्हणते, शेवटची तीन-चार वर्षं बाबाही रोज ते रेडिओशी जुळवत बसायचे, पण कुठे नीट दाखवा म्हटलं की विषय बदलायचे. ज्यांनी एका मिनिटासाठी आपल्याला उन्हात उभं केलं, त्यांनी बारा मिनिटं कशी चालवून घेतली कोण जाणे.

आता मुद्द्याचं. श्रावण वद्य पंचमीला बाबांचं वर्षश्राद्ध. आईचं एकच मागणं आहे, तू यायला हवंस. आणि बाबा गेले त्या दिवशी आलीस तशी नव्हे, अंगणात तुळशीपाशी उभी राहून तिथूनच मागे फिरलीस तशी नव्हे. घरात यायचं. ती उघड काही बोलत नाही, पण दोन दिवसांआड विचारते, ताईला पत्र टाकलंस का. हे बघ, टाकलं.

सगुणभावोजींस नमस्कार, गौरवीस गोड पापा. तुझा लोभ आहेच, तो तरी या घड्याळासारखा मागे पडू देऊ नकोस.

तुझा,
शिवदास


सर्वण, डिचोली,
ता. ३ मे १९८७

चि. शिवदास यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. ती. आईस सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले. तांदळाची कणी वाचताना तर यांनाही हसू आवरेना. गौरवी विचारते, कोंकणी राजभाषा झाली, मग मामा आता कोंकणीत पत्र लिहिणार का. मी सांगितलं, आम्ही भावंडं भांडतो कोंकणीत आणि पत्र लिहितो मराठीत, बाबांनी लावलेली सवय आहे, ती सरकारला विचारून लागली नव्हती.

त्या घड्याळाची चावी लहानपणी मी द्यायची, तुला आठवत नसेल. तू पाळण्यात होतास. सकाळी अंघोळ करून बाबा सोप्यावर बसत, मी त्यांच्या मांडीवर. बावीस फेरे. ते मोजायचे, मी फिरवायची. शेवटचा फेरा बोटाला जड लागला की थांबायचं, पुढे रेटलं तर आतला जीव तुटतो, असं ते रोज न चुकता सांगायचे. त्यांच्या हाताचा चंदनाच्या साबणाचा वास मला हे लिहिताना येतो आहे.

आणि त्याच घड्याळाकडे बघून त्यांनी मला घराबाहेर काढलं. तू तेव्हा म्हापशाला शिकायला होतास, तुला कुणी सगळं सांगितलं नसेल. यांच्याशी लग्न करणार म्हणून मी सांगितलं. बांद्याचा माणूस, खाणीवर ट्रक चालवणारा, ना आपल्या नात्यातला ना आपल्या जातीतला. बाबा ओरडले नाहीत. मनगटावरचं घड्याळ बघितलं, सहा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि एवढंच म्हणाले, हांव आपयन तेन्नाच यो. ते बोलावतील तेव्हाच यायचं, म्हणून त्या बोलावण्याची मी दहा वर्षं वाट पाहिली. लग्नाच्या नोंदणीच्या पहिल्या सहीला आले नाहीत, पंधरा दिवसांनी दुसऱ्या सहीला तरी येतील म्हणून मी कचेरीच्या दारात ताटकळले. गौरवी झाली तेव्हा वाटलं, आता तरी. नाहीच.

ते गेले त्या दिवशी मी पायरी चढले नाही, त्यावर पेडण्यात काय काय बोललं गेलं ते माझ्या कानावर आलं आहे. बोलोत बापडे. शिवदास, माझा राग केव्हाच विरला. पण बोलावणारा माणूस गेला. तू बोलावलंस, आईनं बोलावलं, तर मला बरं वाटतं, पण ते त्यांचं बोलावणं होत नाही. त्यांनी मला मनातून माफ केलं होतं की नाही, हे कळल्याशिवाय त्या घरात त्यांच्या नावाचं पान वाढायला माझा हात चालायचा नाही. आईला हे नीट समजाव. तिला दुखवू नकोस.

श्राद्धाला इथून नारळ आणि केळीची पानं पाठवीन. घड्याळाला शिव्या घालू नकोस, ते बाबांचं आहे. माझ्यावरही रागावू नकोस, मी तुझीच आहे.

तुझी,
ताई


पेडणे,
ता. ७ जून १९८७

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

गोवा राज्य होऊन आठवडा झाला. बाजारात फटाके वाजले, समोरच्या हॉटेलवाल्यानं पेढे वाटले आणि मला देताना पुन्हा वेळ सांगितली. आई विचारते, राज्य झालं म्हणजे ताईचा पत्ता बदलला का. म्हटलं, ताईचा पत्ता तोच, ताईही तीच, हट्टी.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, पायरीचा भाग वगळून. तिला कळलंच. मी वाचताना कुठे अडखळतो ते ती पहिलीपासून ओळखते. उठून तुळशीला पाणी घालायला गेली. त्या दिवशी दोनदा घातलं.

आता घड्याळाचं ऐक. परवा म्हापशाला गेलो होतो, तिथे एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. डोळ्याला भिंग लावून त्यानं मागचं झाकण उघडलं आणि आतच बघत राहिला. मला वाटलं, कारभार आटोपला. तर तो म्हणाला, आत एवढं स्वच्छ आहे की माझ्या विकायच्या घड्याळांत नाही. मग त्यानं झाकणाची आतली बाजू माझ्यापुढे धरली. घड्याळ उघडलं की कारागीर झाकणाच्या आत सुईनं आपल्या नावाचं अक्षर आणि तारीख कोरून ठेवतो, ही त्यांच्यातली पद्धत. एखाद्या जुन्या घड्याळात अशा चार-पाच खुणा असायच्या. बाबांच्या घड्याळात तीसच्या वर आहेत, मुंग्यांच्या रांगा लागाव्यात तशा. सगळ्या एकाच हाताच्या. आधी ‘गो’, पुढे महिना आणि साल. तो म्हणाला, हा डिचोलीचा गोकुळदास, शाळेसमोरचा, घड्याळ मागे का पडतं ते त्यालाच विचारा.

ताई, माझं डोकं चालेना. डिचोलीचं नाव बाबा घरात काढू देत नसत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ते म्हापशाला कापडाच्या खरेदीला जात आणि तिन्हीसांजेच्या आत परत येत. मग हे घड्याळ डिचोलीला कोण नेत होतं? सगळ्या खुणा मी कागदावर उतरवून घेतल्या आहेत. पहिली जून ८३ ची, शेवटची ऑगस्ट ८६ ची. मधले बहुतेक महिने आहेत, पण मे महिन्याची खूण एकाही वर्षी नाही. मे महिन्यात ते आपोआप बरं व्हायचं की काय, देव जाणे.

शेजारचा बाबुराव येत्या आठवड्यात डिचोलीला यायचा आहे. त्याच्याबरोबर घड्याळ आणि कागद पाठवतो. गौरवीची शाळा तीच ना? तेवढं त्या गोकुळदासना दाखव. बाकी तुझ्या मनाविरुद्ध काही करायला सांगत नाही. आमच्यावरचं प्रेम आहे तेवढं राहू दे.

तुझा,
शिवदास


सर्वण,
ता. १७ जून १९८७

चि. शिवदास यास,
अनेक आशीर्वाद.

घड्याळ पोचलं. बाबुराव चहा घेऊन गेला. मी आत भाकऱ्या थापत होते, म्हणून पुडी न सोडता सोप्यावर ठेवली होती. थोड्या वेळानं बाहेर मोजणं ऐकू आलं. गौरवीनं पुडी सोडून घड्याळाला चावी द्यायला घेतली होती. एकवीस, बावीस, आणि थांबली. मी पिठाच्या हातानं बाहेर आले, ओरडणार होते. तर तीच मला सांगू लागली की शेवटचा फेरा जड लागला की थांबायचं असतं, नाहीतर आतला जीव तुटतो.

शिवदास, हे वाक्य मी तिला कधी सांगितलेलं नाही. मी ते कुणालाच सांगितलेलं नाही, तुला गेल्या महिन्यात लिहिलं तेवढंच.

विचारलं, कुणी शिकवलं. म्हणाली, घड्याळाच्या दुकानातल्या आजोबांनी. मी शिकवते ती बालवाडी तिच्या शाळेनंतर अर्ध्या तासानं सुटते, तोवर ती गोकुळदासांच्या बाकावर बसते, पहिलीपासून. भला माणूस आहे, म्हणून मी निर्धास्त असते. म्हटलं, गोकुळदास आजोबांनी का? तर नाही, ते दुसरे. कधीतरी यायचे. चुरमुऱ्यांचे लाडू आणायचे. आई दिसली की पडद्याआड जायचे आणि बोट ओठांवर ठेवायचे, तिला तो खेळ वाटायचा. आता बरेच दिवस आले नाहीत म्हणाली, आणि अभ्यासाला गेली.

तुझा कागद मी पुन्हा उघडला. जून ८३ मध्ये तिला पहिलीत घातली. मे महिन्यात शाळा बंद असते.

दुकानाला कुलूप आहे. गोकुळदास डोळ्याच्या ऑपरेशनसाठी फोंड्याला लेकीकडे गेले आहेत. आले की जाते. आईला अजून काही सांगू नकोस. माझं चित्त ठिकाणावर नाही, म्हणून इथेच थांबते.

तुझी,
ताई


सर्वण,
ता. १२ जुलै १९८७

चि. शिवदास यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. ती. आईस सा. नमस्कार. हे पत्र आईला काहीही न वगळता वाचून दाखव.

गोकुळदास परत आले. काल बालवाडी सुटल्यावर गेले. घड्याळ पुढे ठेवलं तर त्यांनी उघडून बघितलंसुद्धा नाही. पेडण्याचे शेट गेले का, एवढंच विचारलं. मी मान हलवली. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि मला आतल्या स्टुलावर बसवलं. तिथून काचेच्या कपाटाआडून समोर शाळेचं फाटक सरळ दिसतं. बाबा इथेच बसायचे, म्हणाले.

पहिल्यांदा आले तेव्हा घड्याळ खरोखरच मागे पडत होतं, तेल सुकलं होतं. गोकुळदासांनी साफ करून बरोबर करून दिलं. पुढच्या महिन्यात बाबा पुन्हा हजर. म्हणाले, अजून मागे पडतं. गोकुळदासांनी तपासलं, घड्याळ सेकंदाला पक्कं. पण गिऱ्हाइकाचं लक्ष घड्याळाकडे नव्हतंच. शाळा सुटली, गौरवी बाकावर येऊन बसली, मग रस्त्यानं मी आले, आणि मी तिला घेऊन निघाले तेव्हा बाबांनी डोळे पुसले. गोकुळदासांनी त्यांना काही विचारलं नाही. घड्याळाच्या आत एक बारीक काटा असतो, तो एका बाजूला सरकवला की घड्याळ पुढे पळतं आणि दुसऱ्या बाजूला सरकवला की मागे राहतं. त्यांनी तो गुपचूप मागच्या बाजूला सरकवला, आणि बाबांना सांगितलं, जुनं यंत्र आहे, महिन्यानं परत दाखवावं लागेल.

तीन वर्षं हेच चाललं. दर पहिल्या शुक्रवारी झाकण उघडायचं, फुंकर घालायची, खूण कोरायची, आणि काटा जिथल्या तिथे ठेवायचा. दोघांनाही ठाऊक होतं, दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. मी त्या दुकानासमोरून रोज जात होते रे. पावसात एकदा त्याच वळचणीला उभी होते. बाबा आत, पडद्यामागे, माझ्यापासून चार हातांवर.

आणि आता जे लिहिते ते लिहायला सकाळपासून तिसऱ्यांदा बसले आहे. गेल्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेला बाबा आले ते शेवटचे. निघताना त्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि म्हणाले, गणपतीच्या चवथीच्या आधीच्या शुक्रवारी येतो, तेव्हा ह्यातला काटा सरळ करून द्या. गोकुळदास हसले, म्हणाले, मग शेट पुढच्या महिन्यात कसे यायचे. त्यावर बाबा जे बोलले ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. चवथीक हांव तिका आपयतां. आतां म्हाका निमित्त नाका.

चवथीला ते मला बोलावणार होते, निमित्ताची गरज उरली नव्हती, आणि तो शुक्रवार यायच्या आधी श्रावणातच ते गेले.

गोकुळदास विचारतात, काटा सरळ करू का. मी घड्याळ तिथेच ठेवून आले. मला रडूही येत नव्हतं. पावसात खाण बंद म्हणून हे शेतावर होते, त्यांनी घरी येऊन माझ्याकडे बघितलं आणि स्वतः चूल पेटवली, तेव्हा आलं. तुम्ही सांभाळून राहा.

तुझी,
ताई


पेडणे,
ता. १९ जुलै १९८७

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

आईला तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. यावेळी मी खूप ठिकाणी अडखळलो, पण काही वगळलं नाही.

तिनं आधी लाडवांचं विचारलं. चुरमुऱ्यांचेच होते ना? म्हापशाच्या कापडवाल्याची मुलं लहान आहेत म्हणून बाबा दर पहिल्या शुक्रवारी तिच्याकडून डबाभर लाडू करून घ्यायचे. तीन वर्षं ती त्या परक्या मुलांसाठी गूळ चांगला बघून घेत होती. एकदा तर करवादली होती की सख्ख्या नातीला कधी माझ्या हातचं मिळालं नाही आणि त्या मुलांचे लाड चालले आहेत. बाबा तेव्हा अंगणात निघून गेले. हे सांगताना ती हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. मग फळीवरून तो रिकामा डबा काढून घासायला बसली.

मला बाबांचा राग आला, हेही लिहितो. स्टुलावर बसायला तीन वर्षं मिळाली आणि रस्ता ओलांडायला एक दिवस मिळाला नाही. एवढा कसला ताठा! पण रागावून करू काय, मीही त्यांचाच मुलगा आहे. गेली दहा वर्षं मी तरी कुठे तुझ्या दारात आलो? पत्रं लिहून समाधान मानत राहिलो.

काटा सरळ करून घे, ताई. त्यांनीच सांगितलं होतं. बाकी काय करायचं ते तू ठरव. आम्ही आता बोलावत नाही, बोलावणं झालेलं आहे.

भावोजींना माझा नमस्कार, आणि चूल पेटवल्याबद्दल आणखी एक नमस्कार. माया राहू दे.

तुझा,
शिवदास


(पोस्टकार्ड)

सर्वण, ता. ९ ऑगस्ट १९८७

चि. शिवदास यास आशीर्वाद.

घड्याळ घेतलं. गोकुळदासांनी काटा सरळ करून शेवटची खूण माझ्यासमोर कोरली. शुक्रवारी वद्य पंचमी आहे. सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही तिघं येतो. आईला सांग, पान मी वाढणार.

ताई


पेडणे,
ता. १९ ऑगस्ट १९८७

ती. सौ. ताईस,
शिवदासचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं बाबुरावाकडून कळलं. तुम्ही गेल्यापासून घर मोठं झाल्यासारखं वाटतं. गौरवी तिची छत्री इथे विसरली आहे, आईनं ती वाळवून बाबांच्या खुंटीला टांगली आहे.

तू पायरीपाशी थांबलीस ना, तेव्हा आईनं माझा दंड असा धरला होता की अजून दुखतो आहे. तिला वाटलं, फिरतेस मागे. मलाही वाटलं. भावोजी मागे पिशव्या घेऊन उभे, गौरवी तुझं तोंड बघते आहे, आणि तू घड्याळ कानाला लावून उभी. किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही, घड्याळ तुझ्याकडे होतं. मग तू ते गौरवीच्या हातात दिलंस, चपला काढल्यास आणि चढलीस. पान वाढताना तुझा हात कुठे अडला नाही, हे भटजींनीसुद्धा आईला नंतर सांगितलं. आई म्हणाली, माझी मुलगी आहे.

तू गेलीस तेव्हा घड्याळ इथे ठेवून गेलीस, ते मी रोज सकाळी बावीस फेरे देऊन लावतो. लावायचं कसलं, नुसतं बघतो. रेडिओचा ठोका पडतो तेव्हा काटा तिथेच असतो, एक मिनिट मागे नाही की पुढे नाही. समोरच्या हॉटेलवाल्याची फार पंचाईत झाली आहे. मलाच कधी कधी चुकल्यासारखं वाटतं.

चवथ आठवड्यावर आली. यंदा बाबांच्या जागी मूर्ती मी आणायची. म्हणून हे पत्र. मी लिहायला घेतलं होतं की घड्याळ पुन्हा एकदा गोकुळदासांना दाखवायला हवं, गौरवीची छत्रीही न्यायची आहे, आईच्या गुडघ्यांनाही तुझ्या हातचं तेल लावून पाहायचं आहे, तर सवड काढून यावं. आई शेजारी लाडवांचा पाक बघत होती. काय लिहितोस म्हणून विचारलं, वाचून दाखवलं. तिनं झारा खाली ठेवला आणि सांगितलं, हे सगळं खोड, माझ्या नावानं एवढंच लिही आणि खाली सही कर.

चवथीक यो. निमित्त नाका.

आईच्या सांगण्यावरून,
शिवदास